साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही



मागच्या पंधरा दिवसांत तिघांनी फोन करून एकच विचारलं, "दादा, आखाड्यावर ठेवायला मोठं कुत्रं घ्यायचंय, कोणतं घेऊ?" एकाला रॉटवायलर पाहिजे, एकाला पिटबुल, आणि पाथरीकडच्या एका पोराला तर अलाबाई पाहिजे. कारण काय, तर त्यानं मोबाईलवर बघितलं की ते लांडग्याला लोळवतं. तिघांनाही मी उलटा प्रश्न केला : दिवसातला किती वेळ त्या कुत्र्याला देणार? तिघंही हसले. एक तर म्हणाला, "वेळ कशाला लागतोय, बांधून ठेवायचं की."

त्या "बांधून ठेवायचं की" वर आज लिहायलोय. जरा लांब होईल. रात्रपाळीची लाईट असेल तर हरभऱ्याला पाणी देता देता वाचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साखळीला बांधून, माणसापासून तोडून, डिवचून तापट केलेलं कुत्रं राखण करत नाही. ते चोराला अडवत नाही आणि घरच्या लेकराला सोडत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः हे करून बसलोय.

२०२१ च्या दिवाळीच्या आठ दिवस आधी आमच्या आखाड्यावरून दोन शेळ्या गेल्या. त्यातली एक गाभण होती. त्याच रात्री विहिरीवरच्या मोटारीचं केबल पण कापून नेलं. ज्याचं गेलं त्यालाच कळतं, नंतर महिनाभर डोळ्याला डोळा लागत नाही. माझं वय पन्नाशीच्या पुढं, पोरगा पुण्याला कंपनीत, गडी एकटा. रोज जागलीला जाणार कोण? तेव्हा एकानं सांगितलं, रॉटवायलर घ्या, चोर धुऱ्यावर पाय ठेवणार नाही. १८ हजाराला पिल्लू आणलं. विकणारा म्हणाला पंचेचाळीस दिवसांचं हाय. आता वाटतं महिन्याचं तरी होतं की नाही, कारण त्याला भाकरीचा काला नीट खाता येत नव्हता. पण त्यानं सोबत एक मंत्र दिला तो माझ्या डोक्यात पक्का बसला. "जास्त माणसाळू देऊ नका. कोणाला हात लावू देऊ नका. मग बघा कसं तापट निघतं."

नाव ठेवलं टायगर. कोठ्याच्या बाजूला चार पत्रे टाकून त्याच्यासाठी सावली केली आणि आठ फुटाची साखळी आणली. मी आणि गडी सोडून कोणी जवळ जायचं नाही असा नियम केला. घरच्या बायका, लेकरं, येणारे-जाणारे सगळ्यांना लांब ठेवलं. वर्षात ते चाळीस किलोच्या वर गेलं. रस्त्यानं मोटारसायकल गेली की साखळी ताणून असं उभं राहायचं की बघणाऱ्याची छाती धडधडावी. मला लई अभिमान वाटायचा. पाहुणे आले की मुद्दाम तिकडं घेऊन जायचो. आज ते आठवलं की लाज वाटते.

आता राखणीचं ऐका. २०२२ ला सोयाबीन काढून कट्टे आखाड्यावर लावले होते. एका रात्री आठ कट्टे गेले. टायगर रात्रभर भुंकत होता. गडी खोलीत झोपलेला, त्यानं ऐकलं होतं. सकाळी मी त्याच्यावर चिडलो तर तो म्हणाला, "मालक, ते रोजच भुंकतं." खरंच होतं. वाऱ्यानं पत्रा हलला तरी भुंकायचं, डुक्कर आलं तरी भुंकायचं, एस.टी. गेली तरी भुंकायचं. रोज भुंकणाऱ्याचं कोण उठून बघतं? कट्टे जिथून उचलले ती जागा साखळीच्या टोकापासून पंधरा फुटांवर होती. चोरालाही साखळीची लांबी कळते मंडळी. एक-दोन दिवस बांधावरून बघितलं की त्याचा हिशोब होतो.

त्या दिवशीच मला समजायला पाहिजे होतं. नाही समजलं.

२०२३ च्या मार्चमध्ये, होळी झाली होती आणि पाडव्याला पंधरा दिवस राहिले होते. गड्याची आठ वर्षांची पोरगी बापाची भाकर घेऊन आखाड्यावर आली. ती दीड वर्ष रोज त्याच वाटेनं येत होती. टायगर तिला रोज बघत होता, पण जवळ एकदाही येऊ दिलं नव्हतं, माझाच नियम. साखळीचा आकडा गंजला होता, त्या दिवशी तो तुटला. दंडाला आणि मांडीला धरलं. गडी आणि मी धावलो म्हणून सुटली. सतरा टाके पडले. माझ्या मंडळीनं तेवढं डोकं लावलं की हळद-चुना न लावता तिला पाइपाखाली धरून पंधरा मिनिटं साबणानं जखमा धुतल्या. दवाखान्यात लस दिली, जखमेत सीरमचं इंजेक्शन दिलं, पुढच्या तारखा दिल्या. खर्च मी केला, त्यात काही मोठेपणा नाही, ते माझं देणंच होतं.

गडी मला एक शब्द वाकडा बोलला नाही. अकरा वर्षं माझ्याकडं होता. पाडव्याला त्यानं साल सोडलं. जाताना एवढंच म्हणाला, "मालक, कुत्र्याचं काय चुकलं नाही."

त्याचं हे वाक्य मला शेळ्या गेल्या त्यापेक्षा जास्त लागलं. कारण ते खरं होतं.

कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलं होतं, ते ठेवलं, त्याला काही नव्हतं. लोक म्हणाले औषध घाला. माझ्याच्यानं झालं नाही. मग मे महिना आला. आपल्याकडं मेमध्ये पारा ४२-४४ ला जातो ते सांगायला नको. वर पत्रा, काळं अंग, साखळीमुळं सावलीसोबत सरकता येईना. बादलीतलं पाणी दुपारी त्यानंच सांडलं असावं. चार वाजता बघितलं तर आडवं पडून धापा टाकत होतं, तोंडाला फेस. डॉक्टर येईपर्यंत गेलं. दीड वर्षाचं होतं.

म्हणजे माझा हिशोब बघा. अठरा हजार पिल्लाचे, महिन्याला दोन-अडीच हजार खाण्याचे, वरून आठ कट्टे सोयाबीन गेलं, अकरा वर्षांचा माणूस गेला, एका लेकराच्या अंगावर जन्माची खूण राहिली, आणि कुत्रंही मेलं. राखण शून्य.

आता चूक कुठं झाली ते नीट सांगतो, कारण पुष्कळ जण म्हणतील की तुझं कुत्रंच खराब निघालं.

पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून तीन-साडेतीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, ज्याचा वास घेतं, ज्याच्या अंगावर लोळतं, ते त्याला आपलं वाटतं. लेकरं, म्हातारी माणसं, बैल, शेळ्या, ट्रॅक्टर, मळणीयंत्राचा आवाज, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, छत्री घेतलेला माणूस, सगळं त्याच काळात दाखवावं लागतं. तो काळ गेला की नवीन दिसेल ते त्याला शत्रू वाटतं. मी नेमका तोच काळ त्याला एका खुंट्याला बांधून घालवला. त्यानं गड्याची पोरगी दीड वर्ष बघितली, पण ओळखली नाही. आपण ज्याला तापट म्हणतो ते बहुतेक वेळा भ्यालेलं असतं. मोकळ्या कुत्र्याला भीती वाटली तर ते मागं सरकतं, बाजूला होतं. बांधलेल्याला पळता येत नाही, मग त्याच्याकडं चावणं एवढंच उरतं. रोज शंभर वेळा साखळी ताणून त्याला तीच सवय लागते.

लोक म्हणतात, माणसाळलं तर चोरालाही शेपूट हलवेल. हे साफ खोटं आहे. घरचे कोण हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यालाच परका कोण हे कळतं. ज्याला सगळीच दुनिया परकी त्याला चोर आणि पोस्टमन एकच. आणि राखण म्हणजे माणूस फाडून खाणं नव्हे. राखण म्हणजे खबर देणं आणि मधी उभं राहणं. वेगळा आवाज काढून मालकाला उठवलं, बॅटरीचा उजेड पडेपर्यंत येणाऱ्याला थांबवलं, की काम झालं. चोराला चावलंच पाहिजे असं ज्याला वाटतं त्यानं कायदा पण वाचावा. आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कुत्रं कायम साखळीला ठेवून त्याला फिरवायचं नाही हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. आपल्या शिवारात निम्मे आखाडे या कलमात बसतात. मीही बसत होतो.

आता जातींबद्दल. मी या मोठ्या कुत्र्यांच्या विरोधात नाही. त्यांना घडवलं कशासाठी आणि आपण वापरतो कशासाठी, एवढंच माझं भांडण आहे. रॉटवायलर हे नाव जर्मनीतल्या रॉटवाइल गावावरून पडलं. तिथले खाटीक आणि जनावरांचे व्यापारी कळप हाकायला, गाडी ओढायला ते ठेवत. म्हणजे दिवसभर मालकासोबत चालणारं, हुकूम ऐकणारं कामाचं जनावर. ते आपण खुंट्याला बांधतो. तुर्कस्तानात शिवास भागातलं कांगल मेंढरांच्या कळपात वाढतं. लांडगा आला तर कळप आणि लांडगा यांच्या मधी उभं राहतं. बहुतेक वेळा नुसतं उभं राहून, भुंकूनच काम भागतं.

आफ्रिकेतल्या नामिबियाचं उदाहरण मला लई आवडतं. तिथं शेतकरी शेळ्या-मेंढ्या खातो म्हणून चित्त्याला गोळी घालायचे. १९९४ पासून तिथल्या चीता कॉन्झर्वेशन फंड या संस्थेनं तुर्की जातीची पिल्लं शेतकऱ्यांना द्यायला सुरुवात केली. पिल्लू लहानपणीच शेळ्यांच्या वाड्यात सोडायचं, त्यांच्यातच खायचं, त्यांच्यातच झोपायचं. मोठं झालं की त्याला तो कळप म्हणजे आपलं घर वाटतं. ज्यांनी नीट सांभाळली त्यांची जनावरं जायची लई कमी झाली, आणि चित्तेही वाचले. बघा, कुत्रं मोठंच आहे, ताकदीचंच आहे, पण तिथं साखळीवर राखण नाही.

१२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, कांगल, मॅस्टिफ अशा २३ जातींची विक्री आणि पैदास थांबवायला सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. त्यावर दोन्हीकडून लई वाद झाला. एक म्हणतो जातच वाईट, दुसरा म्हणतो जातीचा काही संबंध नाही. माझं म्हणणं दोघांनाही पटणार नाही. जातीचा संबंध आहेच. पन्नास किलोचं, रुंद जबड्याचं कुत्रं चावलं आणि पंधरा किलोचं गावरान चावलं यात फरक आहे. चूक तीच, पण नुकसान दहापट. म्हणून तर मोठं कुत्रं घेणाऱ्यावर दहापट जबाबदारी पाहिजे. पण यादी करून मालक सुधारत नाही. रॉटवायलर बंद केलं तर हाच मालक दुसरं काहीतरी आणून त्याच खुंट्याला बांधणार.

आता देशीवाल्यांना दोन शब्द. हल्ली देशी म्हटलं की छाती फुगते. आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात कारवानी आणि पशमी पाळायची जुनी रीत आहे. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी याच वंशाची कुत्री नावारूपाला आणली, तिम्मापूरला कर्नाटकानं त्यासाठी संशोधन केंद्र काढलं. जशी आपली लाल कंधारी आणि देवणी कर्नालच्या ब्युरोकडं नोंदलेली आहे, तशीच मुधोळ, राजापालयम आणि चिप्पीपराई ही कुत्रीही नोंदली आहेत. चांगली गोष्ट आहे. आपल्या उन्हाला ती सोसतात, खातात कमी, आजार कमी. पण कारवानी हे पळणारं कुत्रं आहे, नजरेनं शिकार धरणारं. त्याला बांधून ठेवणं म्हणजे घोड्याला कोंबड्याच्या खुराड्यात घालण्यासारखं. आणि काही हौशी पोरं ते घेऊन रात्री सशा-हरणामागं लावतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. बाबांनो, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार आहे, काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. कुत्रं देशी असलं म्हणून साखळी आणि शिकार देशी होत नाही.

मग मी काय केलं ते सांगतो.

२०२३ च्या हिवाळ्यात दरवर्षीप्रमाणं आमच्या वावरात मेंढरं बसवली होती. धनगर मामा साठीच्या पुढचे. त्यांची तीन कुत्री, रात्री मोकळी. मी आखाड्यावरून मेंढरांकडं गेलो की तिन्ही उठून उभी राहायची, एक पुढं यायचं, दोन मागं थांबायची. मामांनी "हां" म्हटलं की बसायची. सकाळी त्याच कुत्र्यांच्या अंगावर मामांची नातवंडं लोळायची. मी विचारलं, "मामा, यांला शिकवलं कसं?" मामा म्हणाले, "पाटील, शिकवायचं काय त्यात? मेंढीच्या पोटाजवळ झोपलेलं पिलू हाय ते. त्याला वाटतं ह्या सगळ्या त्याच्या बहिणी हायेत." मग म्हणाले, "तुमी लोक कुत्र्याला बांधता आन् घर मोकळं सोडता. आमचं घरच नाही, म्हणून कुत्रं मोकळं."

जाताना त्यांनी एक पिल्लू दिलं. पैसे घेतले नाहीत, एक पायली ज्वारी घेतली. दोन महिन्यांचं होतं, आईचं दूध सुटलेलं. हा मोत्या. पहिल्या दिवसापासून त्याला शेळ्यांच्या वाड्यात ठेवलं. आपटू नये म्हणून करडांसोबत, बोकडापासून वेगळं. शेळीच्या मागं खेळायला पळाला की हटकायचो. गावातल्या लेकरांना मुद्दाम बोलवायचो आणि त्यांच्या हातानं भाकरीचा तुकडा द्यायला लावायचो. मळणीयंत्र आलं तेव्हा त्याला जवळ घेऊन बसलो. दोन महिने रोज तासभर गेला माझा. त्यानंतर आजपर्यंत त्याला शिकवायला वेगळा वेळ द्यावा लागला नाही.

मोत्या रोज भुंकत नाही. म्हणून तो भुंकला की मी उठतो. मागच्या तुरीच्या दिवसांत रात्री दोनला वेगळाच आवाज काढला. बॅटरी घेऊन बाहेर आलो तर वाड्याच्या आणि रस्त्याच्या मधी उभा होता, आणि रस्त्यावर बिनलाईटची गाडी चालू होऊन निघून गेली. कोण होतं माहीत नाही, चोरच होता असंही म्हणणार नाही. पण शेळ्या जागेवर होत्या आणि मी जागा होतो. राखण म्हणतात ती एवढीच.

आता खोटं सांगत नाही. मोत्यानं रानडुकरं थांबत नाहीत, दोन-चार असली तर हाकलतो, कळप आला तर मला हाक मारतो. बिबट्यासमोर कोणतंही एकटं कुत्रं टिकत नाही, बिबट्या कुत्रंच उचलतो. त्यासाठी रात्री बंदिस्त वाडा आणि उजेडच पाहिजे. केबलला कुलपाची पेटी आणि शेजाऱ्याशी बोलणं-चालणं याला पर्याय नाही. कुत्रं हा राखणीचा एक भाग आहे, सगळी राखण त्याच्या गळ्यात अडकवू नका.

ज्यांना मोठं कुत्रं घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून आणि डॉक्टरांना विचारून जमा केलेलं :

१) आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. आई बघितल्याशिवाय घेऊ नका. आई अंगावर येत असेल तर पिल्लू सोडून द्या.

२) सहा ते आठ आठवड्यांत पार्वो-डिस्टेंपरची पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, आणि पुढं डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पार्वोत रक्ताची हगवण लागून पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं, तेव्हा धावून उपयोग होत नाही.

३) जंताचं औषध वेळेवर. गोचीड रोज हातानं बघा, कानात, बोटांच्या बेचक्यात. ताप, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, हा गोचिडाचा ताप असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना. आणि पाया पडतो, कपाशीवर मारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला लावू नका. गोचीड मरतील, कुत्रंही मरेल.

४) कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जिभेनं धापा टाकून थंड होतं. पत्र्याखाली ते जमत नाही. लिंबाची सावली, ओली माती, न सांडणारं जड भांडं. दगडी कुंडी सगळ्यात चांगली. उन्हाळ्यात फिरवणं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. धाप थांबत नसेल तर अंगावर पाणी, वारा, आणि लगेच डॉक्टर.

५) मोठ्या जातीच्या पिल्लाला मनानं कॅल्शियम चारू नका, लठ्ठ करू नका, ट्रॉलीवरून उड्या मारू देऊ नका. सांधे कायमचे बिघडतात. खाणं दोनदा, थोडं थोडं. पोटभर खाऊन लगेच पळवलं तर मोठ्या छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ बसतो. ओकारी येते पण काही पडत नाही असं दिसलं तर तासाचीही वाट बघू नका.

६) भाकर-दूध एवढ्यावर मोठं कुत्रं होत नाही. अंडी, मांस, डाळ काहीतरी लागतं. शिजवलेली हाडं देऊ नका, ती चिरफळतात. परवडत नसेल तर लहान कुत्रं पाळा, त्यात कमीपणा नाही.

७) पैदास करायची नसेल तर खच्चीकरण करून घ्या. भटकणं आणि भांडणं कमी होतात.

८) बांधायचंच असेल, उदाहरणार्थ पाहुणे आले, लग्नकार्य आहे, तर तेवढ्यापुरतं. त्यापेक्षा जाळीचा वाडा करा. आणि रोज दोनदा मोकळं फिरवा.

९) कोणाला चावलंच, मग ते कोणाचंही, कितीही लसवंत कुत्रं असो, पंधरा मिनिटं साबण-पाणी आणि सरकारी दवाखाना. जगात रेबीजनं मरणाऱ्या माणसांत साधारण तिघांतला एक भारतातला आहे. लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर जवळपास कोणी मरत नाही.

शेवटी हे पान वाचणाऱ्या डॉक्टर आणि कृषी खात्यातल्या मंडळींना हात जोडून एक सांगणं. तुम्ही गावात येता, लाळ्या-खुरकूताची लस देता, शेळीपालनाचं प्रशिक्षण घेता, गोठ्याचं माप सांगता. शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याबद्दल अर्धा तास कोणी बोलत नाही. म्हणून आमचं प्रशिक्षण पिल्लं विकणारा करतो, आणि तो सांगतो, "माणसाळू देऊ नका." परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. पुढच्या शेळीपालनाच्या वर्गात एक तास कुत्र्याला द्या. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन असतो, त्या दिवशी एखाद्या गावात येऊन आखाड्यावरची कुत्री टोचा. आम्ही धरून देतो.

आणि फोन करणाऱ्या तिघांना जाहीर उत्तर : दोन महिने रोज तासभर द्यायला तयार असाल तर मला फोन करा, पिल्लू शोधायला मी सोबत येतो, पेट्रोल माझं. "बांधून ठेवायचं की" म्हणणार असाल तर त्या पैशात सोलरचा दिवा आणि चांगलं कुलूप घ्या. ते तरी गड्याच्या लेकराला चावणार नाही.

ती पोरगी आता शाळेत पुढं गेलीय. तिचा बाप दुसऱ्या गावात साल धरून आहे. या पाडव्याच्या आधी मी त्याच्या दारात जाणार आहे, परत ये म्हणायला. येईल की नाही त्याची मर्जी. मोत्याला सोबत नेणार नाही. आधी पोरीला विचारणार, कुत्रं बघायला येतेस का म्हणून. ती नाही म्हणाली तर ते पण बरोबरच.

राम राम.